सहकुटुंब वॉटर पार्क: गोराई, ठाणे की खोपोली? आपले अनुभव लिहावेत

मे महिन्यात नागपूरहून दीर आणि जाऊबाई मुलांसह आमच्याकडे विलेपार्ल्याला येत आहेत. एक दिवस सर्वांनी मिळून वॉटर पार्कला जावे असा बेत आहे. मंडळींत सत्तरीच्या सासूबाई आहेत, सातवी-आठवीतल्या दोन मुली आहेत आणि आमचा अडीच वर्षांचा चिरंजीव आहे. जाहिरातींत प्रत्येक ठिकाण सारखेच निळेशार दिसते, म्हणून प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी जाणे-येणे, लहान मुलांची सोय आणि पाण्यात न उतरणाऱ्या वडीलधाऱ्यांची बसण्याची व्यवस्था यांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कांदिवलीहून

आमचे घर पश्चिम उपनगरात असल्यामुळे आम्ही गोराईचे वॉटर किंगडम निवडतो. १९९८ साली ते सुरू झाले तेव्हा मी महाविद्यालयात होतो आणि शेजारचे, १९८९ सालचे एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान भरात होते. आता एस्सेलवर्ल्ड बंद असल्याने एका फेरीत दोन्ही पाहू, हा जुन्या मुंबईकरांचा हिशेब सोडून द्यावा. बोरिवली स्थानकाच्या पश्चिमेकडून गोराई खाडीपर्यंत जाऊन फेरीबोटीने पलीकडे जाता येते, किंवा भाईंदरहून उत्तनमार्गे थेट रस्त्याने पोहोचता येते. फेरी मुलांना फार आवडते, आणि खरे सांगायचे तर मलाही. पण सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर हलत्या बोटीत चढणे-उतरणे त्यांना जड जाईल, तेव्हा भाड्याची गाडी करून उत्तनचा रस्ता धरावा. नकाशावर तो लांबचा वाटला तरी संध्याकाळी भिजलेली, दमलेली आणि भुकेने चिडलेली मुले घेऊन धक्क्यावरच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा बरा. आतला लाटांचा तलाव मोठा आहे. लाटा सतत नसतात, ठरावीक अंतराने सोडल्या जातात. त्या थांबलेल्या असताना लहान मुलाला उथळ कडेला बसवावे आणि इशारा होताच उचलून घ्यावे. तुमच्या मुलींना मात्र उंच घसरगुंड्यांवरून खाली आणणे कठीण जाईल, त्यामुळे त्यांच्याबरोबर एक मोठे माणूस दिवसभरासाठी नेमून टाकावे. आमच्याकडे हे काम धाकट्या मामाकडे असते.

मुलुंडहून

ज्येष्ठ माणूस आणि अडीच वर्षांचे मूल एकाच दिवशी सांभाळायचे असेल तर मी ठाण्याचे टिकुजिनीवाडी सुचवेन. घोडबंदर रस्त्यावरून मानपाड्याला आत वळले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराच्या पायथ्याशी ते आहे. मोठ्या पार्कांच्या मानाने आटोपशीर असल्यामुळे हरवाहरवी कमी होते, आणि पाण्याबरोबर साधे पाळणेही असल्याने पाण्याला भिणारे मूल कंटाळत नाही. थरार शोधणाऱ्या मुलींचे समाधान तेथे होईलच असे नाही, हेही सांगून ठेवते. पार्ल्याहून घोडबंदरमार्गे येणार असाल तर सकाळी लवकर निघावे. त्या रस्त्यावरची कोंडी सहलीचा सगळा उत्साह खाऊन टाकते.

डोंबिवलीहून

वरील मताशी मी असहमत आहे. नागपूरहून पाहुणे येत असतील तर त्यांना खोपोलीजवळच्या इमॅजिकाला न्यावे. तिथला थीम पार्क २०१३ साली सुरू झाला आणि वॉटर पार्क त्याच्या पुढच्या वर्षी. ग्रीसमधल्या मिकोनोस बेटाच्या धर्तीवर पांढऱ्या-निळ्या इमारती उभारल्या असल्याने पाण्यात न उतरणाऱ्यालाही पाहायला काहीतरी असते. दोन्ही पार्कांची तिकिटे वेगळी असतात आणि एका दिवसात दोन्ही उरकण्याचा हव्यास धरला की एकही धड होत नाही. लोकलने खोपोलीला उतरून पुढे रिक्षा करता येते, परंतु खोपोलीच्या गाड्या मोजक्या असून रविवारी मेगाब्लॉकची शक्यता असते, त्यामुळे एवढ्या कुटुंबाने द्रुतगती मार्गाने गाडीनेच जावे. अंतर मोठे आहे, हा आक्षेप मान्य. पण चिरंजीव परतीच्या वाटेत झोपून जाईल.

घाटकोपरहून

अनेक पार्कांत मुलांचे तिकीट वयावर नसून उंचीवर ठरते. आठवीतली मुलगी आईइतकी उंच असेल तर तिचे तिकीट मोठ्यांचेच धरून खर्च काढावा.

दादरहून

मी पोहणे शिकवते, म्हणून थोडे पाण्याविषयी. तलावाजवळ गेल्यावर डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला की लोक म्हणतात, क्लोरिन भरपूर आहे, म्हणजे पाणी स्वच्छ. वास्तविक तो वास क्लोरिनचा घाम आणि लघवीशी संयोग होऊन तयार होणाऱ्या क्लोरामाइन्सचा असतो. म्हणून उतरण्यापूर्वी सर्वांनी शॉवर घ्यावा, आणि अडीच वर्षांच्या मुलाला साधा डायपर न घालता पोहण्यासाठी मिळणारा डायपर घालावा. साधा डायपर पाणी शोषून फुगतो. पोहण्याचा डायपरही वेळोवेळी बदलावा. सुती कपड्यांना मनाई असते ती उगाच नव्हे: सुती कापड पाणी शोषून जड होते, घसरगुंडीवर अडते आणि त्याचे धागे गाळणयंत्रात अडकतात. नायलॉनचे कपडे घरूनच न्यावेत, तिथे ते भाड्याने घेणे मला तरी रुचत नाही. गरोदर स्त्रिया, हृदयविकार असलेले आणि मानेचा किंवा पाठीचा त्रास असलेले यांनी उंच घसरगुंड्यांवर जाऊ नये, हे फलकावर लिहिलेले असते. उत्साहाच्या भरात पुरुष मंडळीच ते वाचत नाहीत. दंडाला लावायच्या फुगवलेल्या पट्ट्यांच्या भरवशावर मुलाला सोडून काठावर फोटो काढत बसू नये. जीवरक्षक असला तरी एवढे लहान मूल मोठ्यांच्या हाताच्या अंतरातच हवे.

वसईहून

तिन्ही नावे मोठी झाली. आमच्या विरार-अर्नाळा भागात लहान रिसॉर्टही आहेत, जिथे एखादा तलाव, दोन-तीन घसरगुंड्या, सावलीत खाटा आणि गरम जेवण एवढ्यावर दिवस छान जातो. आमच्या आईला हेच आवडते, कारण तिला पाण्यापेक्षा गप्पांत रस असतो. मात्र अशा ठिकाणी फोनवर आगाऊ पैसे भरण्यापूर्वी स्वतः जाऊन यावे. आम्ही गेलो होतो त्या एका रिसॉर्टमध्ये जीवरक्षक म्हणून दाखवलेला मुलगा दुपारी जेवण वाढत होता, आणि तलावाचा तळ दिसत नव्हता. तळ स्पष्ट दिसत नसेल तर मुलांना त्या पाण्यात उतरवू नये, पैसे गेले तरी चालतील.