मदत हवी आहे: नव्या बंगल्याभोवती पाणी साचतंय, सुरुवात कुठून करू?

नवाबंगला:
नमस्कार मंडळी. पुण्यात किरकटवाडीला बंगला बांधून गेल्या दसऱ्याला राहायला आलो, म्हणजे या घरातला हा पहिलाच पावसाळा. प्लॉट डोंगराकडून उतरता आहे. मागचा प्लॉट आमच्यापेक्षा तीनेक फूट उंच. मागच्या बाजूला आणि डावीकडच्या साइड मार्जिनमध्ये (घर आणि कंपाउंडमधली मोकळी जागा) पाऊस थांबल्यावरही पाणी हलत नाही. पेव्हर ब्लॉकवर पाय दिला की फटींतून गढूळ पाणी वर येतं. फोटो जोडलाय.

आता हॉलच्या भिंतीला आतून स्कर्टिंगच्या वर वीतभर ओल चढली आहे. रंगाला फुगे आलेत आणि खरवडलं की आत पांढरी भुकटी. अंडरग्राउंड टाकीही त्याच कोपऱ्यात आहे, झाकण पेव्हरच्या लेव्हलला. खरी धास्ती त्याची आहे.

पाया खणताना दीड-दोन फूट काळी माती आणि खाली चांगला पिवळा मुरूम लागला होता. पण कॉन्ट्रॅक्टरने कडेची भर कशाने केली ते पेव्हर खचल्यावर दिसलं: विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि तीच काळी माती. फोन केला तर म्हणतो, "पहिल्या पावसात माती बसतेच साहेब."

वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो आतून इंजेक्शन आणि बाहेरून कोटिंग. पेव्हरवाला म्हणतो सगळं उचलून कच (दगडाचा बारीक चुरा) टाकून परत बसवू. शेजारचे काका म्हणतात शोषखड्डा घ्या, म्हणजे पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा. ड्रेनेजचं चेंबर जवळच आहे, सरळ त्यात पाणी सोडलं तर? खर्च एकदाच करायचाय, म्हणून विचारतोय.

कोबावाला:
फोटोत डावीकडे टेरेसचा पाईप जमिनीच्या वर वीतभर संपलेला दिसतोय. तोच तुमचा पहिला आरोपी. टेरेस १००० चौरस फूट धरली तर झाले ९३ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. ५० मिलिमीटर पाऊस झाला की साडेचार हजार लिटरच्या वर पाणी, म्हणजे जवळपास अर्धा टँकर, तुम्ही स्वतःच्याच पायाशी ओतताय.

वॉटरप्रूफिंगवाल्याला आत्ता थांबवा. बाहेर भिंतीला पाणी टेकलेलं असताना आतून भिंत बंद केली, तर ओल आणखी वर वाट काढते. ती पांढरी भुकटी म्हणजे पाण्याबरोबर आलेले क्षार. पाणी तोडा, भिंत उन्हाळाभर सुकू द्या, मग प्लॅस्टर आणि रंग.

आधी उतार मोजा. गवंड्याकडे लेव्हल ट्यूब असते, तीच पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक टोक भिंतीशी, दुसरं कंपाउंडशी धरा. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर लेव्हल खोटी येते. भिंतीपासून बाहेर ३ फुटांत निदान एक इंच उतार हवा.

वारजेकर:
शोषखड्ड्याची घाई नको. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पायाच्या कडेला हा खेळ दरवर्षी चालू ठेवणं बरं नाही. खड्डा घ्यायचाच तर भिंतीपासून आणि टाकीपासून १० फूट तरी लांब, आणि मुरमापर्यंत न्यायचा. आधी लहान खड्डा खणून बादल्या ओतून बघा. पाणी तासाभरात उतरलं तर ठीक, तसंच राहिलं तर ती विहीर होणार.

ड्रेनेजमध्ये पावसाचं पाणी मुळीच सोडू नका. ती मैलापाण्याची लाइन आहे. मोठ्या पावसात तुंबली की तुमच्याच नहाणीतून वर येईल. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या आपल्यासारख्या गावांत अजून सगळीकडे पावसाळी गटारं नाहीत हे खरं, पण त्यावर हा उपाय नव्हे.

नवाबंगला:
दोघांचेही आभार. लेव्हल ट्यूबने बघितलं. भिंतीशी पेव्हर कंपाउंडपेक्षा जवळजवळ दोन इंच खाली आहे! उतार थेट घराकडे. मागच्या प्लॉटवाल्यांनी त्यांच्या शेडचा पन्हाळही आमच्या कंपाउंडवर सोडलाय. त्यांना काही म्हणता येईल का?

वहिवाट:
येईल, पण अर्धंच. १८८२ च्या ईझमेंट अॅक्टप्रमाणे वरच्या जमिनीवरून निसर्गतः वाहत येणारं पाणी खालच्याला घ्यावं लागतं. छपराचं पाणी पन्हाळ लावून एका जागी तुमच्याकडे सोडणं त्यात बसत नाही. आधी चहाला बोलवा. पन्हाळ पलीकडे वळवायला एक एल्बो (पाईपचा वळणाचा तुकडा) आणि दहा फूट पाईप लागतो. नोटिशीचा खर्च त्याहून जास्त.

कोबावाला:
दोन इंच उलटा उतार असेल तर सगळं पेव्हर उचलायला लागेल, पेव्हरवाला त्या बाबतीत बरोबर आहे. पण नुसता कच टाकून परत बसवू देऊ नका. राडारोडा आणि काळी माती काढून मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून ठोकलेला. भिंतीला लागून ३ फूट पीसीसीचा (साध्या, बिनसळईच्या काँक्रीटचा) पट्टा, भिंतीच्या सांध्याला वाटा म्हणजे सिमेंटची गोलाई मारलेला. पेव्हरच्या फटींतून पाणी झिरपतंच, म्हणून भिंतीशी पेव्हर नकोच.

मागून येणारं पाणी घरापर्यंत पोचूच द्यायचं नाही. वरच्या कंपाउंडलगत फूटभर रुंद, दोन फूट खोल चर घ्या. कंपाउंडच्या भिंतीचा पाया उघडा पडत नाही ना, ते आधी बघा. चरात जिओटेक्स्टाइल कापड (पाणी सोडणारं, माती अडवणारं) अंथरून त्यावर २० मिमी खडी, मधे भोकं पाडलेला ४ इंची पाईप, वरून परत खडी आणि कापड गुंडाळून बंद. कापड वगळलं तर दोन पावसाळ्यांत गाळाने चर बसतो. पाईपला १० फुटांना सव्वा इंच उतार देऊन पाणी पुढे रस्त्याकडच्या गटाराकडे न्या. टेरेसचे पाईप वेगळ्या बंद पाईपने न्या, या चरात सोडू नका.

हे सगळं दिवाळीनंतर. आत्ता टेरेसच्या पाईपला एल्बो लावून पाणी पुढे काढा, आणि टाकीच्या झाकणाभोवती सहा इंच कठडा बांधून घ्या. तोवर टाकीचं पाणी उकळूनच प्या.

वारजेकर:
आणि पेव्हर उचलण्याआधी मीटरची केबल आणि अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते इलेक्ट्रिशियनकडून खुणा करून घ्या. आमच्याकडे पहारीच्या पहिल्या घावाला केबलच लागली होती.