पहिला एसडीआर: बिट मोजायचे की अँटेना उभी करायची?

उंचतार

स्कॅनिंगसाठी, म्हणजे हवेतली रेडिओ बोलणी शोधून ऐकण्यासाठी, पहिला एसडीआर (संगणकावरच्या सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) कुठला घ्यावा असं कुणी विचारलं की हल्ली ठरलेलं उत्तर येतं: आठ बिटांच्या डोंगलच्या नादी लागू नका, सरळ बारा किंवा चौदा बिटांचा रिसीव्हर घ्या. (बिट जास्त, तितकी सिग्नलची मोजणी बारीक.) मला हा सल्ला चुकीचा वाटतो. नवी माणसं त्यामुळे बिचकून मागे फिरतात, म्हणून हा धागा काढतोय.

२०१२ च्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आलं की टीव्ही बघण्यासाठी बनवलेल्या डोंगलमधली आरटीएल२८३२यू चिप कच्चे आय-क्यू नमुने, म्हणजे रेडिओ सिग्नलच्या मोजणीचे आकडे, थेट संगणकाला देऊ शकते. तिच्या जोडीला हवी ती फ्रिक्वेन्सी निवडणारा आर८२०टी ट्यूनर असला की साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा हाताशी येतो. विमानांचा ११८ ते १३७, सागरी व्हीएचएफ, जहाजांची जागा सांगणारं एआयएस, हौशी रेडिओवाल्या हॅम मंडळींचे दोन मीटर आणि ७० सेंटिमीटरचे पट्टे, १०९० वरचं, विमानांची जागा सांगणारं एडीएस-बी. नवखा माणूस जे ऐकायला येतो ते जवळजवळ सगळं यात आलं, आणि एका वेळी २.४ मेगाहर्ट्झचा तुकडा नमुने न गळता दिसतो.

मी स्वतः सुरुवातीचे काही महिने डोंगलबरोबर आलेली छोटी चुंबकी अँटेना खिडकीत ठेवून ऐकत होतो. विमानं यायची, जमिनीवरचा कंट्रोल टॉवर मात्र कधीच नाही. मग विमानपट्ट्याच्या मध्यासाठी पाव तरंगलांबीचा हिशोब केला: ७५ भागिले १२७ म्हणजे ५९ सेंटिमीटर, त्यातून पाच टक्के वजा, म्हणजे ५६. तांब्याच्या तारेचे तेवढे दोन तुकडे कापले, उभा डायपोल केला आणि छपरावर नेला. त्या संध्याकाळी टॉवर स्वच्छ ऐकू आला. रिसीव्हर तोच होता, सॉफ्टवेअरही तेच. तो आनंद मी अजून विसरलेलो नाही.

केबलचंही तसंच. आरजी-५८ ची दहा मीटर केबल १०९० मेगाहर्ट्झला सहा डेसिबलहून जास्त खाते. म्हणजे अँटेनाने पकडलेल्या शक्तीतला पाऊण हिस्सा वाटेतच संपतो. जे रिसीव्हरपर्यंत पोचलंच नाही, ते चौदा बिट तरी कुठून मोजणार?

एकच अट घालेन: डोंगल धातूच्या कवचाचा आणि टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी न ढळणारा स्फटिक) असलेला हवा. साध्या स्फटिकाची चूक ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) असली तर १२७ मेगाहर्ट्झला ती साडेसहा किलोहर्ट्झच्या आसपास जाते, आणि विमानांचे चॅनेल काही भागांत ८.३३ किलोहर्ट्झवर आहेत. तिथे तुम्ही शेजारच्या घरातच शिराल.

शांततळ

अँटेनाबद्दल वाद नाही. पण तुमच्या छपराजवळ एफएमचा मनोरा नाही, हे तुमच्या अनुभवावरूनच कळतं. माझ्या खिडकीतून मनोरा दिसतो. तुम्ही सांगता तेच मी केलं होतं: साधा आठ बिटांचा डोंगल, वर रुंद पट्टा पकडणारी चांगली डिस्कोन अँटेना. झालं उलटंच. विमानांच्या पट्ट्यात गाणी वाजायला लागली.

कारण साधं आहे. दोन दांडगे सिग्नल रिसीव्हरमध्ये एकमेकांत मिसळले की तिसरा, मुळात नसलेला सिग्नल तयार होतो. १०७ आणि ९२ मेगाहर्ट्झची दोन केंद्रं घ्या. १०७ ची दुप्पट २१४, त्यातून ९२ वजा, उरले १२२. थेट विमानपट्ट्यात. अशी भुतं मी दोन आठवडे खरे चॅनेल समजून यादीत भरत होतो, आणि त्या दोन आठवड्यांत हा छंद सोडून द्यायची वेळ आली होती. नवखा माणूस बिचकतो तो इथे.

आठ बिटांचा सैद्धांतिक पल्ला, म्हणजे एकाच वेळी मोजता येणाऱ्या सर्वांत दांडग्या आणि सर्वांत क्षीण सिग्नलमधलं अंतर, ५० डेसिबल, बाराचा ७४, चौदाचा ८६. चांगली अँटेना हवं ते आणि नको ते सारखंच उचलून आणते. म्हणजे तुमचा सल्ला जितका मनापासून पाळावा तितका आठ बिटांचा डोंगल लवकर गुदमरतो.

उंचतार

भुतांचा त्रास खरा आहे, पण त्याचा दोष तुम्ही चुकीच्या जागी देताय. १२२ वरचं ते भूत जन्मतं ट्यूनरच्या पहिल्या ॲम्प्लिफायरमध्ये आणि फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या मिक्सरमध्ये, बिट मोजायची वेळ येण्याच्या आधी. एअरस्पाय मिनी हा रिसीव्हर बारा बिटांचा आहे, सहा मेगाहर्ट्झ नमुने घेतो, सगळं मान्य. पण त्यातला ट्यूनर त्याच आर८२०टी२ घराण्यातला. एफएमचा लोंढा आत शिरतो तेव्हा मागे आठ बिट आहेत की बारा, हे त्या ॲम्प्लिफायरला ठाऊकही नसतं.

याला औषध एफएम अडवणारा फिल्टर. अँटेना आणि डोंगल यांच्यामध्ये तो लावला की ८८ ते १०८ दारातच थांबतं.

राहिला ५० डेसिबलचा आकडा. तो पूर्ण २.४ मेगाहर्ट्झच्या रुंदीसाठी आहे. आपण ऐकतो आठ किलोहर्ट्झचा एक चॅनेल. तीनशेपट अरुंद केलं की गोंगाट सुमारे २५ डेसिबलने खाली जातो. ते २५ धरून आठ बिट इतके दुबळे राहत नाहीत.

शांततळ

ट्यूनरचा मुद्दा बरोबर, पण तुम्ही तो अर्ध्यावर सोडलात. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण) कुणामुळे वाढवावा लागतो? आठ बिटांमुळेच. सर्वांत छोटी पायरीच इतकी मोठी की हवेतला गोंगाट त्या पायरीच्या वर आणायला ट्यूनरचा गेन बराच चढवावा लागतो, नाहीतर क्षीण सिग्नल पायरीखाली गाडला जातो. बारा बिटांत पायरी बारीक असते. मी गेन १५ डेसिबलने उतरवतो आणि क्षीण सिग्नल तरी जिवंत राहतो. गेन उतरला की मिक्सरवरचा ताण उतरतो आणि भुतं आपोआप कमी होतात. बिट आणि भुतं यांचं नातं आहे ते असं, गेनच्या वाटेने.

तुमचे २५ डेसिबलही एका अटीवर मिळतात: नमुने घेताना काही कापलं गेलेलं नसलं पाहिजे. त्या २.४ मेगाहर्ट्झच्या खिडकीत एक जरी दांडगा पेजर ट्रान्समीटर आला आणि सिग्नलची शिखरं छाटली गेली, की नंतर कितीही अरुंद करा, बिघाड सगळीकडे पसरलेला असतो.

म्हणून मी नवख्याला आरएसपी-१बी सारखा चौदा बिटांचा रिसीव्हर सुचवतो. १ किलोहर्ट्झ ते २ गिगाहर्ट्झ, आत वेगवेगळ्या पट्ट्यांचे फिल्टर, एफएमचा अडसर सॉफ्टवेअरमधून चालू-बंद करता येतो. माणूस पहिल्या दिवसापासून ऐकायला बसतो.

उंचतार

गेनचा मुद्दा मी नीट मांडला नव्हता, तो मान्य. पण चौदा बिटांची जाहिरात वाचताना एक गोष्ट डोळ्याआड होते. आरएसपी घराण्यातल्या रिसीव्हरना चौदा बिट मिळतात ते साधारण सहा मेगाहर्ट्झ नमुन्यांपर्यंतच. त्यापुढे बारा, मग दहा, आणि पूर्ण रुंदीला गेलात की आठ. स्कॅनिंगवाल्याला रुंदी हवी असते. त्याने ती ताणली की तो परत माझ्याच डोंगलच्या पंक्तीला येऊन बसतो, फक्त खिडकी मोठी असते.

जुनास्कॅनर

दोघांचंही वाचलं. दोघंही संगणकासमोर बसलेल्या माणसाचा विचार करताय. स्कॅनिंग म्हणजे खिशात यंत्र आणि कानात आवाज. बटण दाबलं की सुरू, बॅटरीवर दिवसभर, ड्रायव्हरची कटकट नाही. चांगला हातातला स्कॅनर सेकंदाला शंभरेक चॅनेल चाळतो. नवख्याला वॉटरफॉलचे (संगणकावर सरकणाऱ्या सिग्नलच्या आलेखाचे) रंग दाखवले की तो रंगांत रमतो आणि ऐकायचं राहून जातं. माझ्या मते पहिलं यंत्र एसडीआर नसावंच.

आठखिडक्या

जुनास्कॅनर, बाहेर फिरताना तुमचंच खरं. पण सेकंदाला शंभर चॅनेल चाळणारं यंत्रही एका चॅनेलवर आवाज मिळाला की तिथे थांबतं, आणि तेवढ्यात बाकीच्या नव्व्याण्णवांवर काय झालं ते गेलं. वैमानिकाचं बोलणं दोन-चार सेकंदांचं. एसडीआर चाळत नाही, पूर्ण तुकडा एकदम पाहतो. आरटीएलएसडीआर-एअरबँड या सॉफ्टवेअरला एकाच डोंगलच्या खिडकीतले अनेक चॅनेल एकाच वेळी नोंदवता येतात, प्रत्येकाची वेगळी फाइल. मागे जाऊन ऐकता येणं, ही स्कॅनिंगमधली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. अप्रोचवर (उतरायला येणाऱ्या विमानांच्या कंट्रोलवर) एक वाक्य ऐकलं आणि टॉवरवर त्याचं पुढचं काय झालं, हे दोन फाइली शेजारी ठेवून कळतं.

दुसरं, एकाच वेळी अनेक मनोऱ्यांवरून तेच बोलणं पाठवणाऱ्या सायमलकास्ट डिजिटल यंत्रणा. जुन्या घडणीच्या स्कॅनरवर दोन मनोऱ्यांचे सिग्नल एकमेकांवर चढले की शब्दांचा चुरा होतो. आय-क्यू नमुन्यांवर काम करणारी सॉफ्टवेअर तिथे पुष्कळ बरी वागतात. (एन्क्रिप्ट केलेलं मात्र कुणालाच ऐकू येणार नाही, आणि कुठलं ऐकणं कायद्याने चालतं हे देशागणिक वेगळं आहे, ते आधी पाहून घ्यावं.)

मूळ वादात मी उंचतार यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. मला एक महागडी खिडकी नको, तीन साध्या हव्यात. एक डोंगल १०९० वर कायमचा, एक विमानपट्ट्यावर, एक मोकळा. उत्तम रिसीव्हरसुद्धा १०९० आणि १२१ एकाच खिडकीत दाखवू शकत नाही.

शांततळ

तीन डोंगल म्हणजे तीन यूएसबी गोंगाट, तीन ठिकाणची उष्णता, आणि एका अँटेनाचे तीन वाटे करणारा स्प्लिटर, जो प्रत्येकाला तिसरा हिस्साच देणार. ते निस्तरायला लागणारं ज्ञान नवख्याकडे नसतं.

लघुलहरी

३० मेगाहर्ट्झच्या खाली ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी एवढंच: काही डोंगल ट्यूनर वगळून थेट नमुने घेतात. तिथे १४.४ मेगाहर्ट्झच्या वरचं खाली दुमडून येतं आणि ते अडवणारा फिल्टर वाटेत सहसा नसतो. खालच्या फ्रिक्वेन्सी वर सरकवणारा अप-कन्व्हर्टर असलेला डोंगल त्यापेक्षा बरा. एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरी हा रिसीव्हर तिथे अप्रतिम आहे, पण ३१ ते ६० मेगाहर्ट्झ त्याला ऐकू येत नाही, २६० ला तो थांबतो, शिवाय खिडकी फक्त ६६० किलोहर्ट्झची. स्कॅनिंगवाल्याने तो दुसरा म्हणून घ्यावा.

नवापल्ला

हा सगळा वाद ज्याच्यासाठी चाललाय तो मीच. मित्राने आठ बिटांचा डोंगल वापरायला दिलाय. विमानं, जहाजं आणि हवामान उपग्रह हवेत. अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९ हे २०२५ मध्ये बंद झाल्याचं कळलं, म्हणजे १३७ वर रशियाचे मेटिओर उपग्रह उरले. एफएमचा मनोरा घरापासून जवळ आहे. विमानपट्ट्यात पाच ठिकाणी सतत काहीतरी दिसतं. यातलं खरं कुठलं?

शांततळ

नवं काही घेण्याआधी १० डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा तुकडा) मिळवा आणि अँटेनाच्या वाटेत लावा. डोंगलचा गेन आधीच हाताने पक्का करा, ऑटोवर ठेवू नका. खरा सिग्नल दहाने खाली येईल. १२२ वरच्या भुतासारखं, दोन सिग्नलांतून उपजलेलं असेल तर ते तिसाच्या आसपास कोसळेल किंवा दिसेनासंच होईल.

उंचतार

याला माझाही दुजोरा. गेन ठरवायची रीतही सांगतो: शून्यापासून एकेक पायरी चढवा. गोंगाटाची रेघ वर सरकायला लागली की तिथे थांबा, फार तर एक पायरी मागे या. त्यापुढचा गेन सिग्नलला काही देत नाही.

नवापल्ला

केलं. पाचातले दोन दहाने उतरले, तीन गायब. मग मित्राकडचा एफएम फिल्टर लावला आणि ॲटेन्युएटर काढला. दोन भुतं गेली. एक १३२ च्या जवळचं अजून तसंच आहे.

उंचतार

म्हणजे तीनातली दोन फिल्टरनेच गेली. तुमच्यासाठी हा डोंगल पुरे, आता छपरावर चढा.

शांततळ

आणि तिसरं? त्याचा उगम ८८ ते १०८ मध्ये नाही, नाहीतर फिल्टरने तेही गेलं असतं. नवापल्ला, छपरावर चढण्याआधी १४० ते १७५ आणि मग टीव्हीचे पट्टे एकदा सावकाश पाहा, गेन अगदी खाली ठेवून. तेवढ्या कमी गेनवरही जो ठळक दिसेल त्याची फ्रिक्वेन्सी आणि रुंदी इथे लिहा. वर नेलेल्या अँटेनात तो आणखी जोरात येणार आहे, तेव्हा तो कोण हे आधी कळू द्या.