माळ्यावर ठेवलेला तंबू चिकट झाला आहे, तो वाचवता येईल का?

डोंगरवेडी

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे दोन माणसांचा, दुहेरी कापडाचा तंबू आहे. घेऊन नऊ वर्षे झाली. गेल्या सप्टेंबरमध्ये राजमाचीहून परतताना तो भिजला होता, म्हणून डोंबिवलीला घरी आल्यावर रात्रभर गॅलरीतल्या दोरीवर टाकला. सकाळी हाताला कोरडा लागला, तेव्हा त्याच्याच पिशवीत कोंबून माळ्यावर ठेवून दिला. आता डिसेंबरमध्ये भाचीला घेऊन राजमाचीच्या पायथ्याच्या उढेवाडीला मुक्कामाला जायचे ठरले आहे. परवा पिशवीचे तोंड सोडताच नासलेल्या दुधासारखा आंबूस वास आला. बाहेरच्या कापडाची आतली बाजू बोटांना चिकटते, घड्या सोडवताना चर्र असा आवाज होतो, शिवणींवरची पारदर्शक पट्टी दोन-तीन ठिकाणी सुटली आहे आणि तळाच्या एका कोपऱ्यात काळे ठिपके आहेत. हे सगळे बुरशीमुळेच झाले असेल का? वॉशिंग मशीनमध्ये धुतला तर चालेल का? माझा पहिला पगार या तंबूत गेला होता, त्यामुळे तो टाकून द्यायला मन होत नाही.

सह्यभ्रमर

ताई, मशीनमध्ये मुळीच टाकू नका. गरगर फिरण्याने आणि पिळण्याने शिवणी उसवतात आणि उरलासुरला थरही निघून येतो.

तुमच्या तंबूला दोन वेगवेगळे आजार झाले आहेत. काळे ठिपके ही बुरशी आहे. चिकटपणा आणि आंबूस वास मात्र बुरशीचा नाही. नायलॉनचे किंवा पॉलिस्टरचे कापड स्वतः फारसे पाणी अडवत नाही. पाणी अडवतो तो त्याच्या आतल्या बाजूला दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. ओलावा आणि उष्णता यांचा सहवास लांबला की पाण्यामुळे या थराचे रासायनिक बंध तुटू लागतात, थर आधी चिकट होतो आणि मग पापुद्र्यासारखा सुटतो. हाताला कोरडे लागलेले कापड शिवणीत, खालच्या पट्टीच्या दुमडीत आणि खुंट्या अडकवायच्या पट्ट्यांत ओलेच असते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की एका रात्रीत तंबू वाळतच नाही. तंबू पावसात जितका खराब होत नाही तितका घट्ट बांधलेल्या पिशवीत होतो, हे मी माझा पहिला तंबू गमावून शिकलो.

तुटलेला थर पूर्ववत होत नाही. तो किती गेला आहे, एवढेच आता पाहायचे.

वाटाड्या

दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात टाका, वास जाईल. आम्ही गोधड्यांना तेच करतो.

सह्यभ्रमर

गोधडी सुती असते, तिला ऊन मानवते. नायलॉन उन्हातल्या अतिनील किरणांनी कमकुवत होते आणि पुढे जरा ताण पडला तरी फाटते. सावलीत, वारा खेळेल अशा जागी दोन दिवस पसरून ठेवणे बरे.

सुईदोरा

मी आमच्या गिर्यारोहण मंडळाचे तंबू दुरुस्त करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बादलीभर कोमट पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण घालून मऊ स्पंजने दोन्ही बाजू हलकेच पुसा. कपड्यांची पावडर आणि ब्लीच वापरू नका. काळे डाग फिके होतील, पण पूर्ण जाणार नाहीत. वास गेला आणि डाग पसरत नसले की पुरे. सुटलेली पट्टी हाताने ओढून काढा, तिच्याखालचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि तिथे आतल्या बाजूने सीम सीलरचा, म्हणजे शिवणीतली भोके बुजवणाऱ्या लेपाचा, पातळ हात द्या. सीम सीलर घेताना एक गोष्ट नक्की पाहा. पॉलियुरेथेनचा थर असलेल्या कापडाला पॉलियुरेथेनचाच लागतो, कारण सिलिकॉनचा त्यावर नीट धरत नाही, आणि सिलिकॉनच्या कापडावर सिलिकॉनशिवाय दुसरे काही टिकत नाही. तुमच्या शिवणींवर कारखान्यातून पट्टी लावून आली होती, म्हणजे आतली बाजू पॉलियुरेथेनचीच असणार.

शिवणी वाळल्या की तंबू ताणून उभा करा आणि वरून दोन बादल्या पाणी सावकाश ओता. पाणी फक्त शिवणीतून आले तर तंबू वाचला. कापडाच्या मध्यावर आतून थेंब फुटू लागले तर मात्र त्याचे पावसाळ्याचे दिवस संपले.

चेन अडकत असेल तर दातांमधली माती जुन्या टूथब्रशने काढा. चेन लावूनही मागून उघडत असेल, तर बहुतेक वेळा रनर, म्हणजे चेनवर पुढे-मागे सरकणारा तुकडा, सैल झालेला असतो. पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी किंचित दाबा, जास्त दाबलात तर तो तुटेल.

वेळणेश्वरकर

समुद्रकाठी मुक्काम करणाऱ्यांसाठी एक भर. घरी आल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या काठ्या गोड्या पाण्याने धुऊन, सांधे पुसून ठेवाव्यात. खारे पाणी सांध्यात राहिले की पांढरी भुकटी धरते आणि पुढच्या वेळी काठ्या एकमेकींतून निघत नाहीत.

डोंगरवेडी

सर्वांची मनापासून आभारी आहे. रविवारी गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत तंबू उभा करून पाणी ओतले. शिवणी कोरड्या राहिल्या, पण छताच्या मधोमध, जिथे सर्वांत जास्त चिकट होते, तिथे तळहाताएवढ्या भागात बारीक थेंब जमले. डिसेंबरमध्ये तिकडे पाऊस नसतो, पडते ते दव, त्यामुळे ही एक खेप तो नेणार आहे. आता तो एका जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल घालून, माळ्याऐवजी कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आहे.

सुईदोरा

चांगले केलेत. दवाने भिजलेला तंबू सकाळी तसाच गुंडाळावा लागला, तर घरी पोहोचताच आधी तो उघडा, बाकीची सॅक नंतर.