रक्तगट जुळत नाही, आजी म्हणते ‘आलीस’. आईला कसं विचारू?

गोदाकाठची_१७
मी बारावी सायन्सला आहे, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. ऑगस्टमध्ये डेंग्यूने ॲडमिट होते तेव्हा माझा रक्तगट एबी पॉझिटिव्ह निघाला. आईचा बी, बाबांच्या लायसन्सवर ओ. ओ गटाच्या वडिलांना एबी मूल होत नाही, हे आम्हाला बायोलॉजीत आहे. तेव्हापासून मला धड झोप नाही.

मग एकेक आठवायला लागलं. धाकट्या भावाच्या बारशाचा अख्खा अल्बम आहे. पाळणा, घुगऱ्या, आत्या कानात नाव सांगताना, सगळं. माझा पहिला फोटो सोमेश्वरच्या धबधब्यापाशी, बाबांच्या खांद्यावर, तोंडात चार दात. त्याआधीचं काहीच नाही. विचारलं की आई म्हणते, कॅमेऱ्याचं कार्ड खराब झालं.

निफाडची आजी नेहमी सांगते, “तू आलीस तेव्हा बागेत गोडी छाटणी चालली होती.” गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाचा माल धरायची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची. माझा वाढदिवस जानेवारीत, तेव्हा घडात पाणी भरत असतं. लहानपणापासून ऐकतेय ते ‘आलीस’, आता टोचतं.

गेल्या वर्षी आजोबांच्या दहाव्याला रामकुंडावर गुरुजींनी आमच्या घराण्याची वही उघडली. बाबांनी स्वतःच्या हाताने आधी माझं नाव लिहिलं, मग भावाचं. तेव्हा किती छान वाटलं होतं. आता वाटतं, त्या वहीत माझं नाव खरं आहे का?

आईचं मन न दुखवता कसं विचारू? की बोर्डापर्यंत थांबू?

रक्तपेढीवाली_ताई
बाळा, लायसन्सवरचा गट फॉर्ममध्ये आपणच भरलेला असतो, तो कुणी तपासत नाही. चुकीचा गट वर्षानुवर्षं खिशात बाळगणारे मी रोज बघते. आधी बाबांचा गट नीट तपासून घ्या.

आणि खरंच ओ आला तरी एक शक्यता उरते. बॉम्बे रक्तगट. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो शोधला. त्या माणसाच्या पेशींवर एच अँटिजेनच, म्हणजे ए-बी ज्यावर तयार होतात तो पायाच, नसतो, म्हणून साध्या तपासणीत तो ओ दिसतो. पण ए किंवा बीचं जनुक आत असतं आणि ते मुलात उतरतं. हा गट फार दुर्मिळ आहे, खोटी आशा लावत नाही. पण एका कार्डावरून आईबाप ठरवू नकोस.

नाशिकरोडची_लेक
मी दत्तक आहे. मला सातवीत शेजारच्या काकूंकडून कळलं, तेही जिन्यात. त्यानंतर तीन महिने मी बाबांशी बोलले नाही. दत्तक असण्यापेक्षा ते जिन्यात कळणं जास्त लागलं होतं. म्हणून सांगते, आजीला, आत्याला खोदून विचारू नकोस. थेट आईलाच विचार. तोंडातून शब्द फुटत नसेल तर चिठ्ठी लिही, मी तेच केलं होतं. बोर्डापर्यंत थांबू नकोस, तसाही अभ्यास होत नसणार.

तसं निघालंच तर, संस्थेतून कायदेशीर दत्तक असेल तर ‘कारा’कडे, म्हणजे सरकारच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, मूळ कुटुंबाच्या शोधासाठी अर्ज करता येतो. १८ पूर्ण झाल्यावर एकटीने, त्याआधी आईबाबांसोबत. जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर त्यांची संमती लागते. घाई नाही. फार घुसमट झाली तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन कर, रात्रीही उचलतात.

सिन्नरचे_काका
१९५६ च्या दत्तक कायद्याने रीतसर घेतलेलं मूल सर्व बाबतींत त्या घरचंच असतं. तुझ्या वडिलांनी वहीत तुझं नाव लिहिताना सगळं ठाऊक असूनच लिहिलं असणार, पोरी.

गोदाकाठची_१७
काल रात्री चिठ्ठी लिहून आईच्या पोळपाटाखाली ठेवली. सकाळी कणिक मळायला घेतली तेव्हा तिला दिसली. हात तसेच, पिठाचे. वाचली, गॅस बंद केला, बाबांना हाक मारली. बाबांनी दुकान उघडलं नाही आज.

मग आईने कपाटातून, तिच्या पैठणीच्या खालून, एक फाईल काढली. वर माझं नाव, आईच्या अक्षरात. आत सोमेश्वरचाच आणखी एक फोटो होता, त्यात मी आईच्या कडेवर आहे आणि आई रडतेय.

बाकीचं इथे नाही लिहिणार. ताई, बाबांचा गट तपासायची गरज नाही. लेक, तुम्हाला मेसेज केलाय.