ट्रॅक्टरची लिफ्ट खाली बसते: ओरिंग टाकू की पंप-डिस्ट्रिब्युटर सगळंच बदलू?

कापूसवाला_पारोळा
राम राम मंडई. ट्रॅक्टर ४५ एचपी, २००८ चं मॉडेल. रोटावेटर वर उचलून इंजिन बंद केलं की चहा संपायच्या आत जमिनीला टेकतो. दुसरं दुखणं, सकाळी सातला लिफ्ट झटक्यात उचलते. अकरा वाजले, ऑइल तापलं, की लिव्हर ओढून नुसतं मागे बघत बसायचं. गावातला मिस्त्री म्हणतो पंप, डिस्ट्रिब्युटर (लिफ्टचं ऑइल सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह), सिलिंडर सगळं नवं टाका, २२ हजार. तालुक्याचा म्हणतो सिलिंडरची ओरिंग (ऑइल अडवणारी रबरी कडी) टाकून देतो, हजार-बाराशेत काम. झाकण दोघांनीही उघडलेलं नाही! मृग आठ दिवसांवर, रान अजून तयार नाही. कोणाचं ऐकू?

तापीकाठ
घट्ट ऑइल टाका भो, सीझन निघून जातो. मी दोन काढले.

जुना_फिटर_भुसावळ
सीझन निघतो, मग ट्रॅक्टर आमच्याकडे येतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत गेअरपेटी अन् लिफ्टचं ऑइल एकच असतं. ग्रेडशी खेळू नका.

भाऊ, तुमची दुखणी दोन आहेत अन् दोघं मिस्त्री न बघताच औषध देताहेत. पंप फक्त उचलतो. इंजिन बंद असताना वजन धरून ठेवणं सिलिंडरच्या ओरिंगचं अन् व्हॉल्व्हचं काम. म्हणजे नुसता नवा पंप टाकला तरी रोटावेटर बसायचा तो बसेलच. अन् नुसती ओरिंग टाकली तर अकराचं रडगाणं बहुतेक तसंच राहील. थंडीत त्रास अन् तापल्यावर बरं असं असतं तर मी आधी ऑइल गाळायची जाळी बघितली असती. तुमचं उलटं आहे: ऑइल पातळ झालं की झिजलेल्या पंपात ते आतल्या आत मागे फिरतं.

बाजूची झाकणी निघत असेल तर वजन वर ठेवून, इंजिन बंद करून बॅटरीने आत बघा. सिलिंडरच्या तोंडातून ऑइल पाझरतंय? ओरिंग. तोंड कोरडं अन् तरी बसतंय? व्हॉल्व्ह. खाली ठोकळे लावा, कोणाला रोटावेटरखाली वाकू देऊ नका. अन् गळती बोटाने चाचपू नका, दाबातलं ऑइल कातडीत घुसतं.

सिलिंडर काढला की आत नख फिरवा. नख अडकलं तर नवाच टाका, नाहीतर तिथली ओरिंग पुन्हा कापली जाते. व्हॉल्व्हचा दांडा अन् बॉडी जोडीने घासून बसवलेले असतात, एकटा दांडा बदलून उपयोग नाही. पंप खोलून ऑइल ओढायच्या बाजूची भिंत बघा. दाब पंपातल्या गेअरना तिकडेच ढकलतो, म्हणून ती खणली जाते. खणलेली असेल तर पंपाला सील किट टाकणं म्हणजे फुटक्या माठाला रंग.

केळीवाला_यावल
दादा बरोबर बोलले, पण ऐन मृगात दोनदा खोलायची मजुरी अन् खाडा धरा. माझा ट्रॅक्टर गेल्या साली चार दिवस उभा होता, भाड्याच्या रोटावेटरला नंबर लागत नव्हता. मी असतो तर पंप अन् ओरिंग एकदमच.

कापूसवाला_पारोळा
काल खोललं. समोर बसून होतो. सिलिंडरच्या तोंडातून थेंब थेंब ऑइल, ओरिंग एका जागी कापलेली. आत बारीक रेघा आहेत, पण नख अडकलं नाही. पॉलिश मारून तोच ठेवला. पंपाची भिंत मात्र फिटरदादा म्हणाले तशीच, खड्डा चक्क बोटाला जाणवतो. पंप नवा टाकला. डिस्ट्रिब्युटरला हात लावू दिला नाही, मिस्त्री जरा रुसला.

जाळीत काय निघालं सांगू? सुताचे धागे. मागच्या वेळी आत फडक्याने पुसलं होतं म्हणे. आपल्याकडे कापूस सोयीचा कुठे असतो! ऑइल पूर्ण बदललं, नाहीतर नव्या पंपानेही तेच खाल्लं असतं.

रात्री रोटावेटर वर ठेवून ठोकळे दिले अन् ठोकळ्यावर खडूने रेघ मारली. सकाळी दोन बोटं खाली होता. फिटरदादा, एवढं चालतं का?

जुना_फिटर_भुसावळ
रात्रभरात दोन बोटं? जा, पाळी घाला.