सोसायटीचा ग्रुप: ऑइलचा लाल दिवा लागलाय, गाडी घरापर्यंत आणू का?

बी-३०२: वर्धा रोडवर आहे, बुटीबोरीच्या थोडं अलीकडे. डॅशबोर्डवर लाल रंगात तेलाच्या बुधल्यासारखं चिन्ह लागून राहिलंय. गाडी नीट चालतेय. हळूहळू घरी आणू का?

ए-१०४: आणा न वहिनी. माझ्या गाडीत तर नेहमीच काही ना काही लागून असतं.

सी-२०४: नाही! ताई, गाडी डावीकडे घ्या, हॅजर्ड लाइट (चारही इंडिकेटर) लावा आणि इंजिन लगेच बंद करा. हा ऑइल प्रेशरचा दिवा आहे. हळू चालवून काही वाचत नाही. इंजिन फिरतंय तोवर आतले बेअरिंग कोरडे घासतात आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होऊ शकतं.

बी-३०२: बंद केली काका. पिंकी सोबत आहे.

सी-२०४: दोघी गाडीपासून लांब, कडेला सावलीत थांबा. दहा मिनिटांनी बोनेट उघडा. डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, काढून कापडानं पुसा, पूर्ण आत घालून परत काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये दिसायला पाहिजे.

बी-३०२: टोकालासुद्धा तेल नाही. गाडीखाली काळं थेंब थेंब पडतंय.

सी-२०४: गळती आहे मग. नुकतंच ऑइल बदललं असेल तर फिल्टर नाहीतर खालचा तेल सोडायचा ड्रेन बोल्ट सैल राहिला असेल. वरून तेल ओतून चालवू नका, ओताल तितकं गळून जाईल. टोइंग बोलवा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे का पाहा, नाहीतर हायवेची १०३३ हेल्पलाइन आहे.

डी-४०१: मी बुटीबोरी एमआयडीसीतच आहे. वहिनी, लोकेशन टाका, निघालोच.

ए-१०४: सॉरी वहिनी, मला वाटलं साधं असेल. काका, माझा इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा महिन्यापासून लागून आहे. तोही असाच का?

सी-२०४: लाल म्हणजे आत्ता थांबा. पिवळा म्हणजे गाडी चालेल, पण लवकर दाखवा. महिना फार झाला हो. गॅरेजात स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचायला सांगा. नुसता दिवा घालवून दिला तर दोष तसाच राहतो. आणि तोच पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर वेग कमी करा आणि जमेल तिथे थांबा. तेव्हा सिलिंडरमध्ये मिसफायर होत असतो, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. तो पार्ट फार महाग आहे.

ई-५०३: आमचा बॅटरीचा लाल दिवा लागला होता. नवी बॅटरी टाकली तरी गेला नाही.

सी-२०४: काकू, इंजिन चालू असताना तो लागला तर बहुतेक अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा पार्ट) चार्ज करत नसतो, किंवा त्याला फिरवणारा बेल्ट तुटलेला असतो. काही गाड्यांत त्याच बेल्टवर वॉटर पंप असतो, मग पाठोपाठ टेम्परेचरही चढतं. आपल्याकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, तर बघायलाच नको. गरम रेडिएटरचं झाकण कोणीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

ए-१०४: आणि दिवाच खराब असला तर कळणार कसं?

सी-२०४: चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, एअरबॅग सगळे लागायला पाहिजेत. ऑइलचा लागलाच नाही तर तो रस्त्यावरही सांगणार नाही. उद्या सकाळी सगळ्यांनी पार्किंगमध्ये एकदा पाहून घ्या.

बी-३०२: भाऊ पोचले. टोइंगची गाडी पण आली.

सी-२०४: छान. गॅरेजवाल्याला सांगा, गळती बंद करून तेल भरल्यावर आधी गेज लावून प्रेशर मोजायचं. दिवा विझला एवढ्यावर गाडी ताब्यात घेऊ नका.