बुद्धिबळात नवशिक्यानं कोणती ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) धरावी?

मानेवाड्याचा बाबा
नमस्कार मंडळी. २०२५ च्या जुलैत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा आमच्या घरातला पट माळ्यावरून खाली आला. मुलगी नऊ वर्षांची, क्लासला जाते. मी लहानपणी आजोबांकडून देशी नियमांनी शिकलो होतो. आता तिच्यासमोर बसता यावं म्हणून रोज रात्री मोबाइलवर दहा मिनिटांचे डाव खेळून राहिलो. रेटिंग सातशेच्या आसपास.

अडचण अशी की दर व्हिडिओत वेगळ्या ओपनिंगचा सल्ला. कुणी लंडन म्हणतो, कुणी कारो-कान, कुणी किंग्ज गँबिट. आठ-दहा चाली पाठ कराव्या तर समोरचा तिसऱ्याच चालीला भलतं काही खेळतो. काही जण तर दुसऱ्याच चालीला वजीर एच५ वर (उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८, त्यावरून घराचं नाव) आणून बसवतात. पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून एक, अशी ओपनिंग धरायची तर कोणती?

महालातले काका
भाऊ, इटालियन धरा. दोन्हीकडून. मी वाड्यातल्या पोरांना वर्षानुवर्षं हेच शिकवत आलो आहे, आणि कारणासकट सांगतो.

पांढऱ्यानं प्यादं ई४, काळ्यानं ई५. घोडा एफ३, कारण तो ई५ च्या प्याद्यावर जोर लावतो. काळ्याचा घोडा सी६, कारण ते प्यादं राखायचं आहे. मग उंट सी४. हा उंट सरळ एफ७ कडे बघतो, आणि एफ७ ला राजाशिवाय कुणाचा जोर नसतो. तीन चालींत तीन कारणं झाली. पाठांतराची गरजच पडली नाही.

पुढं सी३, डी३ (नुसतं घर सांगितलं की ती प्याद्याची चाल), कॅसलिंग (एकाच चालीत राजा दोन घरं हत्तीकडं आणि हत्ती त्याच्या पलीकडं), हत्ती ई१. आता बी१ चा घोडा बघा, मला याचा प्रवास फार आवडतो. तो डी२ वर येतो, तिथून एफ१ वर, आणि मग जी३ वर. हत्ती हलल्यामुळं एफ१ मोकळं झालेलं असतं. वजीरबाजूला बसलेला घोडा असा राजाच्या बाजूला येऊन हल्ल्यात सामील होतो. पोरांना हा रस्ता एकदा पटावर चालवून दाखवला की ती विसरत नाहीत.

काळ्याकडून खेळताना समोरच्यानं इटालियन केलं तर तुमचाही उंट सी५ वर काढा. मग पांढऱ्यानं घोडा जी५ वर उडवला तरी तुमचा डी८ चा वजीर त्याला सरळ मारतो. त्याऐवजी तिसऱ्या चालीला घोडा एफ६ वर काढलात तर वजीराची ती वाट बंद होते. मग घोडा खरंच जी५ वर येतो, एफ७ वर दोघांचा जोर पडतो आणि तुम्हाला डी५ खेळावं लागतं. तेही चांगलंच आहे, पण सातशेच्या रेटिंगला आधी सोपं घ्या.

आता तो एच५ चा वजीर. घाबरायचं नाही. पहिल्यांदा घोडा सी६, ई५ चं प्यादं राखायला. उंट सी४ आला की मग जी६. वजीर एफ३ वर गेला की घोडा एफ६. झालं, त्याच्या वजीराच्या दोन चाली वाया गेल्या आणि तुमचे घोडे बाहेर आले. क्रम मात्र सांभाळा. घाईत आधीच जी६ केलंत तर वजीर ई५ चं प्यादं मारून शह देतो आणि कोपऱ्यातला हत्ती जातो.

एक गोष्ट देशी खेळणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो. देशी नियमांत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, त्यामुळं सुरुवात सावकाश असते आणि कडेची प्यादी सरकवत बसायची सवय लागते. इथं चौथ्या चालीला मात होऊ शकते. त्यामुळं मधली घरं आणि कॅसलिंग आधी, ए३-एच३ नंतर.

आयटी पार्कवाला
काका, आदर राखून थोडं वेगळं बोलतो. नोकरी करणाऱ्या माणसाला लंडनच बरं. डी४, उंट एफ४, मग ई३, घोडा एफ३, सी३. समोरचा काहीही खेळो, मांडणी जवळपास तीच. उंट आधी बाहेर आणि ई३ नंतर, एवढं लक्षात ठेवलं की तो आत अडकत नाही. मी तर यावरच हजारच्या वर गेलो.

महालातले काका
लंडन वाईट आहे असं मी म्हणणारच नाही, मोठमोठे खेळाडू खेळतात. पण शिकणाऱ्या माणसाला ती न बघता चाली करायला लावते. काळ्यानं सी५ करून वजीर बी६ वर आणला की बी२ चं प्यादं उघडं पडतं, कारण त्याला राखणारा उंट एफ४ ला गेलेला असतो. माझ्याकडं लंडन शिकून आलेली पोरं हे प्यादं हमखास सोडतात, कारण त्यांचं लक्ष स्वतःच्या पुढच्या चालीवर असतं. इटालियनमध्ये तिसऱ्या चालीपासून समोरच्याकडं बघावंच लागतं. तुम्ही हजारच्या वर गेलात याचं श्रेय मी तुमच्या नजरेला देईन.

आणि भाऊ, दिव्याच्या त्या फायनलचे डाव मुलीसोबत जरूर बघा. कोनेरू हंपीसोबतचे दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले आणि रॅपिडचा (कमी वेळेच्या डावांचा) निकाल एंडगेममध्ये, म्हणजे थोडी मोहरी उरल्यावरच्या शेवटच्या टप्प्यात लागला. ओपनिंगवर आठवड्यातला एखादा तास पुरे. बाकी वेळ राजा-प्याद्यांचे एंडगेम करा.

प्रतापनगरची आई
माझा मुलगा स्पर्धा खेळतो, त्यावरून एक सांगते. मोबाइलवर खेळता तसंच लाकडी पटावरही खेळा, आणि चाली वहीत लिहा. स्पर्धेत ज्या मोहऱ्याला हात लावला तेच खेळावं लागतं, मोबाइलवर ही शिस्त लागत नाही. वहीमुळं कोणत्या चालीला मोहरं फुकट गेलं ते नंतर सापडतं.

मानेवाड्याचा बाबा
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीच्या क्लासमध्येही इटालियनच सुरू आहे म्हणे. काका, दोन शंका. कुणी डी४ नं सुरुवात केली तर? आणि ती सी४ चा उंट मध्येच बी३ वर नेते, ते का?

महालातले काका
डी४ ला डी५, मग घोडा एफ६, ई६, उंट ई७ आणि कॅसलिंग. सध्या एवढं पुष्कळ.

उंटाचं पोरीनं बरोबर केलं. सी४ वर तो राहिला तर काळा डी५ करून किंवा घोडा ए५ वर आणून त्याला हाकलतो. बी३ वर गेला आणि घोडा मागं लागला तर सी२ चं घर त्याच्यासाठी मोकळं आहे, कारण सी३ आधीच केलेलं असतं. तिला विचारा, सी३ आधी नसतं तर उंट कुठं गेला असता?